निळ्या काठाचे कप

“त्या घरात आपल्याला कप मिळतो गं, तांब्या न्हाय मिळत,” गोदाबाई म्हणाल्या, आणि सखूबाई हसल्या.

मी उपासनामंदिराच्या मागच्या खोलीत गीतांची पुस्तकं फडताळात लावत होते. खिडकी उघडी होती. त्या दोघी बाहेर पायरीवर बसून परळकडे परतणाऱ्या बाकीच्या बायकांची वाट बघत होत्या. दोघीही एकाच गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या कामाला होत्या, आणि दुपारी आमच्याकडे चहा घेऊन मग संध्याकाळच्या प्रभुभोजनाला आल्या होत्या. त्यामुळे ‘ते घर’ म्हणजे आमचंच घर, हे मला लगेच कळलं. कळलं नाही ते हसणं. आमचे कप चांगले विलायती, चिनीमातीचे, निळ्या काठाचे. तांब्या तो काय, पितळेचा, कुणाच्याही घरी असतो. कप मिळाला म्हणून कुणी तक्रार करतं का?

“तुझा मालक काय म्हणतो?” गोदाबाईंनी विचारलं.

“म्हणतो, जा की. तिकडंबी भांडी दोन तऱ्हेचीच हाईत. मग इथंच काय वाईट हाय, म्हणतो. इथं निदान आपली माणसं तरी हाईत.”

“मग तू काय करणार?”

“बघते येत्या भोजनाच्या दिसापातुर. तवाबी तसंच दिसलं तर पाळकसायबांना सांगते, माझं नाव काढा म्हणून.”

मी हातातलं पुस्तक तसंच धरून उभी राहिले. येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी सखूबाईंना मंडळीत पूर्णपणे घ्यायचं ठरलं होतं, आणि त्याच दिवशी मलाही. माझा बाप्तिस्मा पाळण्यात झालेला, पण भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी आपल्या तोंडाने सर्वांसमोर हो म्हणावं लागतं. गेले कित्येक दिवस मला त्या एका ‘हो’ची धास्ती होती. चार माणसांत माझा आवाज फुटत नसे. शाळेत मडम म्हणत की ही मुलगी शाईने बोलते. सखूबाईंना मात्र कधी कसली धास्ती वाटेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मुकादमाशी भांडून दुसऱ्या बाईची कापलेली मजुरी मिळवून देणारी ती बाई. ती माघार घ्यायचं बोलत होती, आणि तेही आमच्या कपांवरून.

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगते. गिरगावात एका आळीच्या टोकाला खालच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पुस्तकं आणि एक मोठी सतरंजी, मधल्यात आम्ही झोपत असू, मागे स्वयंपाकघर आणि मोरी. पहाटे शेजारच्या घरी देवपूजेची घंटा वाजे आणि त्याच वेळी नाना आमच्याकडे शास्त्र वाचायला बसत. दोन्ही आवाज भिंतीतून एकमेकांत मिसळत आणि कुणाचं काही अडत नसे. रस्त्यावरून घोड्यांची ट्राम जाई तेव्हा फळीवरची भांडी हलकीच वाजत. नाना मिशनच्या शाळेत मास्तर होते. तरुणपणी वाईकडचं घर, शेंडी, जानवं, भाऊबंद, सगळं सोडून ते ख्रिस्ती झाले, ही गोष्ट मी इतक्यांदा इतक्यांच्या तोंडून ऐकली होती की ती मला नानांची न वाटता एखाद्या धड्यातली वाटे. नाना स्वतः ती कधी सांगत नसत. ते एवढंच म्हणत, “लोक शास्त्र मागाहून वाचतात, रूथ. आधी आपलं घर वाचतात.” त्यामुळे आमच्या घराचं दार कधी लावलेलं नसे. नव्याने विश्वासात आलेलं कुणीही असो, त्याला पहिल्यांदा आमच्याकडे आणत. महिन्यातून एका रविवारी सकाळी उपासना आणि संध्याकाळी प्रभुभोजन असे, आणि त्या मधल्या दुपारी परळ-लालबागहून आलेल्या मंडळींनी आमच्याकडे चहा घ्यायचा, हा रिवाजच पडला होता. पाळकसाहेब दर खेपेस म्हणत, “हे घर म्हणजे मंडळीपुढचा कित्ता आहे. यावर गिरवा.”

आई या सगळ्यात कमी बोले आणि पुष्कळ करी. तिच्या हातचं अळूचं फदफदं मी नंतर कुठेच खाल्लं नाही. आमच्या घरी मासळी शिजत नसे. नाना चेष्टेने म्हणत, “समुद्र इतका जवळ, पण आमच्या घरात त्याला मज्जाव आहे.” दुपारी जेवणं झाली की आई चिंच आणि राख घेऊन बसे आणि पितळ घाशी. घंगाळ, तपेलं, पेले, आणि शेवटी एक तांब्या. तांब्याला ती सर्वांत जास्त वेळ देई. तो पालथा घालून पुसला की त्यात खिडकीचा चौकोन दिसे. मला वाटे, आईला चकाकी आवडते.

निळ्या काठाचे कप विलायतेला परत जाणाऱ्या एका मडमेने नानांना दिलेले. आमच्या शाळेत वर्षातून एकदा मोठ्या मुलींना मडमेच्या बंगल्यावर चहाला बोलावत, आणि तिथे मी शिकले होते की घरातली सर्वांत चांगली चिनीमाती पाहुण्यांसाठी राखून ठेवायची असते. घरच्यांनी साध्या भांड्यांत भागवायचं. आमच्याही घरी अगदी तसंच होतं. कप पाहुण्यांना, आणि आम्ही पितळेच्या पेल्यात. नाना चहासुद्धा पितळेच्या पेल्यातूनच घेत, ओठ भाजतो म्हणून कुरकुरत, आणि पुन्हा त्यातूनच घेत. पाहुण्यांबरोबर आई आणि मी कधी घेत नसू. “तुम्ही घ्या, आम्ही मागाहून घेतो,” आई म्हणे. मला हे सगळं फार सभ्य वाटे. आमच्या आळीतल्या कुठल्याच घरी अशी पद्धत नव्हती. तबकात कप मांडून पुढच्या खोलीत नेणं हे एकच काम मी न लाजता करत असे.

म्हणून त्या दिवशी खिडकीतून ऐकलेलं मी घरी घेऊन आले ते रागानेच. चांगलं दिलेलं यांना कळत नाही, असं मला वाटलं. पण ते ‘दोन तऱ्हेची भांडी’ हे शब्द डोक्यातून जाईनात. मी लहानपणापासून न बोलता बघणारी मुलगी. पण आपल्याच घराकडे कधी कुणी बघत नाही, ते मी त्या आठवड्यात पहिल्यांदा बघितलं.

कपांची फळी स्वयंपाकघरात नव्हती. ती मागच्या दाराबाहेर, पन्हळीखाली होती. कप मोरीत धूत नसत, बाहेरच्या नळावर धूत. त्यांना पुसायचं फडकं वेगळं, खिळ्याला टांगलेलं. पाहुण्यांना खायला द्यायचं ते द्रोणांत, आणि द्रोण तर फेकूनच देतात. पितळेला चिंच-राख लागली की ते पुन्हा नवं होतं, पण आईने ते पाहुण्यांपर्यंत कधी जाऊच दिलं नव्हतं. एकेक गोष्ट मला रोजची ठाऊक होती. फक्त ती कधी दुसरीच्या शेजारी ठेवून बघितली नव्हती. तरी मी मनाशी म्हणत राहिले की नाही, आई नाजूक वस्तू जपते, एवढंच. आई दिवसातून तीनदा गुडघे टेकते. नानांच्या मागोमाग सगळं सोडून आलेली बाई ती.

एका दुपारी शाळेतून आले. तहान लागली होती. आई भाजी निवडत होती. मी मागच्या फळीवरचा एक निळा कप काढला, आत आले, घागरीतून ओगराळ्याने पाणी घेऊन त्यात ओतलं आणि प्यायले. मुद्दाम केलं की सहज, ते आज सांगता येत नाही.

“ठेव तो खाली,” आई म्हणाली. आवाज तिचा नव्हता. “कुठे घेऊन आलीस तो आत? ठेव. आणि आधी चूळ भर.”

मी हलले नाही. आईने उठून माझ्या हातातून कप घेतला, म्हणजे दोन बोटांनी काठाला धरला, जसा उंदीर शेपटीला धरून बाहेर नेतात तसा, आणि मागच्या दाराशी गेली. तिथे पोचल्यावर मग तिला स्वतःचे शब्द ऐकू आले असावेत. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. कप तसाच दोन बोटांत. तिच्या तोंडावरचा रंग गेला होता. माझाही गेला असणार. बाहेर कुणीतरी नळावर कपडे आपटत होतं. तो आवाज मला कितीतरी वेळ माझ्याच छातीतून येतोय असं वाटत होतं.

“चूळ कशासाठी, आई?” मी विचारलं.

 ती कप फळीवर ठेवून आली, भाजीपुढे बसली आणि देठ मोडू लागली. मोडता मोडता खाली मान घालूनच बोलायला लागली. अंगावर पिणाऱ्या लेकराला सांगावं तितक्या हळू.

नाना ख्रिस्ती झाले तेव्हा आई माहेरी होती. तिच्या माणसांनी तिला ठेवून घेतलं, तो मेला असं समज म्हणाले. ती बरेच महिने तिथे राहिली आणि मग एका सकाळी नानांकडे जायला निघाली. कुणी अडवलं नाही, कुणी दारापर्यंत आलंही नाही. फक्त तिची आई मागच्या दाराशी आली आणि तिने तिथल्या पायरीवर एक पितळेचा तांब्या ठेवला. हातात दिला नाही. खाली ठेवला आणि मागे सरली. “तेव्हा ती एवढंच म्हणाली की पाणी नीट ठेव. कधी आले तर पिता यायला हवं.” आईने देठांचा ढीग बाजूला सारला. “मी बाकी काही ठेवलं नाही, बायो. देव सोडले, सोवळं सोडलं, कुंकू पुसलं. तुझ्या वडिलांनी म्हटलं ते सगळं मनापासून केलं. पण ती आली तर कशातून पाणी पिईल? तेवढं एक भांडं तिच्यासाठी नको का? आणि एक ठेवायचं म्हटलं की त्याच्याबरोबरचं सगळंच ठेवावं लागतं.”

“सखूबाईंना ते कळतं,” मी म्हणाले.

“कळणारच,” आई म्हणाली. “त्यांना नाही कळणार तर कुणाला.”

मला सर्वांत जास्त हादरवलं ते यानेच. तिला ठाऊक होतं. त्यांना ठाऊक होतं. आमच्या पुढच्या खोलीत दर महिन्याला सतरंजीवर बसून सगळ्या बायका हे जाणून चहा पीत होत्या, आणि ठाऊक नव्हतं ते फक्त नानांना, पाळकसाहेबांना आणि तबक नेणाऱ्या मला.

तो तांब्या आज माझ्याकडे आहे. आजी कधीच आली नाही. काही वर्षांनी तिकडून कुणीतरी ती गेल्याचं कळवलं, तेही उशिरा. तांब्याचा काठ एका जागी चेपला आहे. सखूबाईंच्या नातवाने तो पाणी पिता पिता पाडला तेव्हाचा. आता त्याला चिंच लावायला माझ्या हातांत जोर नाही. त्यात खिडकीचा चौकोन दिसत नाही, नुसता उजेड दिसतो.

पण त्या आठवड्यात मला आईची कीव आली नाही. ती पुढे आली, आई गेल्यावर. तेव्हा मला फक्त धक्का बसला होता, आणि एक बसला की मागोमाग दुसरे येतात. मला आठवलं, प्रभुभोजनाच्या संध्याकाळी आई सर्वांच्या आधी जाऊन बायकांच्या पहिल्या बाकावर बसते. पाळकसाहेब तिच्या या उत्सुकतेचं उदाहरण देत. प्याला एकच असतो आणि तो पहिल्या बाकावरून मागे जातो. मी जेवता जेवता थांबले. नाना म्हणाले, “काय गं, खडा आला का?” मी हो म्हणाले.

नानांना सांगावं असं मनात आलं, आणि सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं ते मला दिसत होतं. नानांनी त्याच क्षणी तांब्या उचलून आळीतल्या पहिल्या माणसाला दिला असता, आणि आईकडे बघितलंही नसतं. त्यांचं सोडणं तसंच असे. आईने काही बोलायचं असतं तर ती इतकी वर्षं बोलली असती. राहिले मी. रोज रात्री अंथरुणात मी एक वाक्य तयार करी आणि सकाळपर्यंत ते विरून जाई.

तो रविवार उजाडला. सकाळची उपासना झाली. दुपारी मंडळी आली, सतरंजी भरली. गोदाबाईंनी येतानाच पिशवीतून नानकटाईचा पुडा काढून माझ्या हातात दिला. “आमच्या नाक्यावरची हाय, ताई. तुमच्या साळंतल्या मडमेलाबी देऊन बघा, विलायतेला जायची न्हाय मग.” सगळ्या हसल्या. सखूबाई भिंतीशी बसल्या होत्या, हिरवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घट्ट ओढून. त्यांनी लुगडं नवं नेसलं आहे का जुनंच धुतलं आहे, यावरून मी उगाच काही अंदाज बांधत होते. आईने शिरा केला होता. तो द्रोणांत आला. मग तबक आलं. निळे कप सतरंजीवर एकेकापुढे ठेवले गेले, माझ्याच हातांनी, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. सखूबाईंपुढे ठेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. दुकानातली वस्तू घ्यायची नसते तेव्हा तिच्याकडे बघतात तसं बघितलं.

सगळ्यांनी चहा घेतला. फक्त सखूबाईंच्या कपावर साय धरली.

पाळकसाहेब खुर्चीवर होते. मऊ मनाचा, जाड चष्म्याचा माणूस. संध्याकाळी ज्यांना मंडळीत घ्यायचं त्यांना ते एकेक करून विचारत होते, तयारी आहे ना, मनात काही किंतु नाही ना. सखूबाईंपाशी आले तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं नाव आज घेऊ नका, पाळकसायेब.”

“का बाई? विश्वासात काही उणं वाटतंय?”

“इस्वासात न्हाय.”

“मग?”

“आज न्हाय. पुढंमागं बघू.”

गोदाबाई द्रोणाची कड मोडत बसल्या. बाकीच्या बायका सतरंजीच्या पट्ट्या बघत होत्या. नाना पुढे वाकले. त्यांचा चेहरा खरोखर कावराबावरा झाला होता. “सखूबाई, इथं कुणी तुम्हाला काही बोललं का? आमच्याकडून काही अधिकउणं?”

“कुणीबी कायबी बोललं न्हाय, मास्तर,” त्या म्हणाल्या. “तुमच्या घरात कुणी कधीच कायबी बोलत न्हाय.”

नाना त्याचा अर्थ शोधत राहिले. पाळकसाहेब म्हणाले, “बाई, मन डळमळतं तेव्हा माणसाने डोळ्यांपुढे काहीतरी ठेवावं. हे घर ठेवा. या माणसांनी काय काय सोडलं ते बघा.” सखूबाईंनी मान हलवली, हो म्हणून, आणि पदर सारखा करून उठायला लागल्या. मला दिसलं की त्या आता उठल्या की परत येणार नाहीत. भांडण नाही, तक्रार नाही. परळची वाट धरतील, नवऱ्याला सांगतील की तुझंच खरं, आणि आमचं घर दर महिन्याला कित्ता होत राहील.

“रूथ,” पाळकसाहेब माझ्याकडे वळले, बहुधा विषय बदलावा म्हणून. “तू तरी तयार आहेस ना, बाळ?”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात किटली होती. माझी आणि तिची नजर मिळाली, आणि मी काय करणार ते तिला माझ्याआधी कळलं. ती पुढे आली नाही, नको म्हणाली नाही. किटली मात्र तिने दोन्ही हातांनी धरली. त्या क्षणी मला आजीच्या मागच्या दाराच्या पायरीची आठवण झाली, जी मी कधी बघितलीच नव्हती.  मी उठले आणि सखूबाईंच्या शेजारी जाऊन सतरंजीवर बसले, इतकी जवळ की त्यांना उठायला जागा उरली नाही.  आवाज निघाला, माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा, मागच्या फळीपर्यंत पोचेल एवढा.

“सखूबाई, आधी तुमचा चहा घ्या. तुमचा झाला की तो कप मला द्या, न धुता. मी त्यातूनच पिईन.”